सावच्या वळणावरचा पिंजरा

सुधाकरच्या दहाव्याला मी निर्माल्य पिशवीसकट सावित्रीत टाकलं. त्याच्या बायकोने, नलूवहिनींनी, ते परसात पुरायला सांगितलं होतं; पण माझं मन भरून आलं, मित्राला नदीची ओढ होती वगैरे सुचलं आणि महाडच्या घाटावरून दिलं भिरकावून... पिशवी प्लास्टिकची होती. तिच्यावर ठळक अक्षरांत माझ्याच कापडदुकानाचं नाव होतं.

सुधाकर माझा शाळासोबती. औद्योगिक वसाहतीत पंप दुरुस्त करण्यात नोकरीची वर्षं गेली, निवृत्तीनंतरची नदीतलं प्लास्टिक धरण्यात. समुद्रात गेल्यावर बोटी लावून काढण्यापेक्षा इथेच अडवावं, हे त्याचं म्हणणं. महाडच्या खाली साव गावी, घराखालच्या वळणावर त्याने तोंडं बंद केलेल्या पाइपांची तरंगती माळ सोडली, तिच्याखाली हातभर जाळी आणि काठाशी पिंजरा. भरतीला खाडीचं पाणी उलटं चढलं की पिंजऱ्याची झडप आपोआप मिटायची. आत आलेलं परत सुटायचं नाही. माळ तिरकी हवी, म्हणजे कचरा आपसूक काठाला लागतो, असं तो सांगत होता. सरळ बांधली तर पाइप कमी लागतील, असं मी. त्याने माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सगळा कचरा नदीच्या ऐन मध्यावर फुगून बसला. "जा शेठ, पोहत जा नि आण," तो म्हणाला. मला पोहता येत नाही, हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं.

पुढे माळ तिरकी झाली आणि रोज सकाळी तो पिंजरा उपसू लागला. त्यात माझ्या दुकानाच्या पिशव्या निघाल्या की धुऊन आणायचा, गल्ल्यामागच्या खुंटीला अडकवायचा. "तुझी गिऱ्हाइकं परत आली रे." प्लास्टिकबंदीनंतर उरल्यात तेवढ्याच संपवतोय, असं मी सांगायचो. त्याने परत आणलेल्याच मी पुन्हा देत असल्यामुळे त्या संपत मात्र नव्हत्या.

तो झोपेतच गेला. तेराव्याला मुंबईहून आलेला मुलगा म्हणाला, "रोज कोण उपसणार? भंगारात देऊन टाकू." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. 'मी उपसतो' एवढंच म्हणायचं होतं... मी चहा प्यायलो, वर आणखी अर्धा कप मागितला.

चार-पाच दिवसांनी, दुकानात गिऱ्हाइकं असताना वहिनी आल्या. हातात ओली पिशवी, तळाशी निर्माल्यातली झेंडूची पाकळी चिकटलेली. त्यांनी ती खुंटीला लावली. अजून तिथेच आहे. गिऱ्हाइकाला द्यायचा धीर झालेला नाही.

"आज मीच उतरले उपसायला," त्या म्हणाल्या.

मी घड्या घातलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालत विचारलं, "मग... पिंजरा काढणार होता ना मुलगा?"

"कसा काढणार, भावोजी? तुम्ही अजून आहात ना!"