पिवळी फौज

कुंकू करायला हळदीत चुना कालवला की मला हिंगोलीच्या काकांची फौज आठवते.

छावणीच्या लिलावातले शिशाचे शिपाई होते ते. लाल डगल्यांचे शेजारच्या हकीमचाचांनी घेतलेले, रंग उडालेले काकांच्या वाट्याला. सुटीच्या दिवशी ओसरीवर दोघांची लढाई चाले आणि काका दर वेळी हरत. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात काकांनी ठरवलं, फौजेला पिवळे डगले चढवायचे आणि जिंकायचं. शिपायांना आधी चुना फासला, मग वेळ वाचावा म्हणून सगळे एकदम हळदीच्या पाण्यात बुडवले. बाहेर निघाले ते लालभडक.

तेवढ्यात चाचा आलेच. "काय रामराव, समदी फौज मलाच येऊन मिळाली की!"

"हसून काहून राहिले, हकीमसाब? मांडा डाव."

डाव मांडला, पण थोड्याच वेळात कोण कुणाचा ते दोघांनाही कळेना. "हा माझा!" "न्हाई, माझा व्हय!" करत दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला तेव्हा खेळ बिघडल्याचंच वाईट वाटलं. त्या वर्षी, संस्थान भारतात जाणार की नाही हे ठरायचं असताना, गावात जो तो दुसऱ्याला 'तुमी कुणाकडचे?' असं विचारत होता, हे लक्षात यायला वय वाढावं लागलं.

काकू आत सरबताला लिंबं कापत होती. लिंबू पिळलं की तो लाल परत पिवळा होतो, हे घरी कुंकू करणाऱ्या बाईला ठाऊक असणारच. तिनं सगळी लिंबं सरबतात पिळली आणि माझ्या हाती दोन पेले देऊन बाहेर पाठवलं.