आमेन मावशींना सांगितलेलं नाव

नांदेडहून लातूरची गाडी सुटायच्या आधी आमेन मावशी ड्रायव्हरचं आणि कंडक्टरचं नाव विचारून घेत. तक्रार करायला नव्हे, प्रार्थनेत घ्यायला. "नाव न घेता मागितलं तर देवानं कुणाला द्यावं?" असं त्यांचं म्हणणं. मग डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ड्रायव्हर रहीमसाठी, कंडक्टर बालाजीसाठी आणि शेजारी जो कोण बसला असेल त्याच्यासाठी मागत. शेवटचं आमेन तर इतकं दणदणीत, की कंडक्टर मंडळींनी त्यांचं नावच आमेन मावशी ठेवलं होतं. प्रार्थना संपेपर्यंत बालाजी तिकिटाचं मशीन हातात धरून मुकाट उभा राही.

पहिल्या शनिवारी त्यांच्या शेजारची जागा माझ्या वाट्याला आली आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मी नांदेडला नोकरीला, दर शनिवारी आईबाबांकडे लातूरला जाणारी.

"तुझं नाव काय गं माय?"

"सुनीता."

मावशींनी सुरुवात केली. "प्रभू, ह्या सुनीताला सुखरूप ने..." आणि माझा हात आपसूक वर गेला, ओढणी डोक्यावर आली. लहानपणची सवय ती, मेली ऐनवेळी दगा द्यायचीच! आमेन झाल्यावर मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "सुनीता, प्रार्थनेला डोकं झाकायला कुणी शिकवलं गं तुला?"

लोह्याच्या थांब्यावर काही माणसं उतरली. मग म्हटलं, "आईनं. माझं नाव सलोमी आहे."

"आगं, मग जय ख्रिस्त की!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पुढची चार डोकी वळली. डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. नको म्हणायची सोयच नव्हती.

नांदेडच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाक करत आणि रविवारच्या उपासनेला अहमदपूरला लेकीकडे जात. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा बालाजीनं चिडवलं, "मावशी, आता प्रार्थना बी अर्धीच करणार का?" त्या म्हणाल्या, "तू गाडी अर्ध्या वाटेत सोडतूस का रे?"

अशा बाईपासून किती दिवस लपवणार? एके दिवशी मी सगळं सांगून टाकलं. खोली भाड्यानं घेताना मी सुनीता झाले होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मालकीण भली बाई, ख्रिस्ती नाव ऐकून खोली मिळणार नाही ही भीती माझीच. एकदा बाबा न कळवता आले आणि फाटकातून त्यांनी हाक मारली, "सलोमी!" मालकीण अंगणातच होती. मी वळून पाहिलं नाही. बाबा हातातली पिशवी ओट्यावर ठेवून तसेच परत गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, आणि आता अर्धांगवायूनं त्यांची वाचाच गेली होती. मी औषधं द्यायची, अंग पुसायची, पण त्यांच्या खाटेशी बसून प्रार्थना काही करवत नव्हती. कुठल्या तोंडानं करणार?

"हाय त्याच तोंडानं," मावशी म्हणाल्या. "दुसरं कुठून आणतीस?"

पुढच्या शनिवारी अहमदपूर आलं, तरी त्या उठल्या नाहीत. "आज लातूर," एवढंच म्हणाल्या. घरी बाबांच्या उशाशी बसल्या, पदर घेतला. मला हायसं वाटलं, आता या करतील. तर म्हणतात कशा, "तू कर. मी नुसतं आमेन म्हणते."

मी डोळे मिटले. "प्रभू, मी सलोमी..." एवढ्यावरच रडू फुटलं. रडताना ओढणी खांद्यावर घसरली. तेवढ्यात कपाळाला काहीतरी लागलं. बाबांचा चालता डावा हात होता. त्यांनी ओढणीचं टोक पकडलं आणि पुन्हा माझ्या डोक्यावर ओढलं. मावशींचं त्या दिवशीचं आमेन शेजारच्या तीन घरांत गेलं असेल.

बाबा पुढं महिनाभरच होते. मालकीणबाईंना मी खरं नाव सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. एवढ्यासाठी मी बाबांना फाटकातून परत पाठवलं होतं.

यंदा मावशीही गेल्या. त्यांच्या मातीनंतरच्या शनिवारी आईकडे निघाले, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. मी ओढणी डोक्यावर घेतली, मनातल्या मनात उरकावं म्हणून. कुणीतरी जवळ येऊन थांबलं. तिकिटासाठी असेल म्हणून डोळे उघडले, तर बालाजी, मशीन हातात धरून.

"ड्रायव्हर नवा हाय ताई," तो म्हणाला. "नाव इचारून आलो. मारुती. जरा मोठ्यानं घ्या, मावशी घ्यायच्या तसं."

मी मोठ्यानं घेतलं. मारुतीचं, बालाजीचं, आणि मग माझं.