उडवलेला आवाज

आमच्या व्यवसायात ‘उडवणे’ हे क्रियापद दिवसातून कितीदा वापरलं जातं, याचा मी कधी विचार केला नव्हता. नको असलेला शॉट उडव, मधला खोकला उडव, मागे उभा असलेला तो माणूस उडव. संगणक अडखळू लागला की सगळ्यांत आधी कॅश उडव. कॅश म्हणजे संपादनाचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी बनवून ठेवतं त्या कामचलाऊ प्रती. त्या साचत जातात, डिस्क भरते, यंत्र मंदावतं. नवीन शिकायला आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी ही सवय लावत आलो. ती मला शिस्त वाटत असे.

गेल्या उन्हाळ्यात ओझरहून एक बाई आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आल्या. वडील विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गळ्यापाशी कॉलरच्या आत बांधलेला सुती रुमाल. त्या रुमालामागे श्वासाचं छिद्र होतं. घशाच्या आजारात त्यांची स्वरपेटी काढावी लागली होती. ते ओठ हलवत, मुलगी ते वाचून मोठ्याने सांगत असे, आणि दोघांचं संभाषण इतक्या सहज चालायचं की थोड्या वेळाने आपणच काहीतरी ऐकायला कमी पडतोय असं वाटू लागे.

“काका, माझ्या लग्नाची फिल्म तुम्हीच केली होती,” त्या म्हणाल्या. “दहा-बारा वर्षं झाली. डीव्हीडी आहे माझ्याकडे. पण त्यात सगळीकडे गाणीच आहेत.”

गाणी होती, कारण तेव्हा सगळ्यांना गाणीच हवी असत. मांडवातला मूळ आवाज म्हणजे भांडी, जनरेटर आणि कुणाचं तरी रडणारं मूल. तो बंद करून वर सनई आणि सिनेमाची गाणी अंथरायची, हीच आमची रीत होती. ग्राहक खूश, आम्हीही खूश.

“जेवणाच्या आधी पप्पांनी माइक घेतला होता,” त्या सांगू लागल्या. “सासरच्यांना म्हणाले, माझी पोरगी तुमच्याकडे येतेय. तिला भूक लागली की ती बोलत नाही, गप्प बसते. एवढं लक्षात ठेवा. सगळे हसले. मी इतकी चिडले होते त्यांच्यावर.”

वडिलांचे ओठ हलले.

“म्हणतात, अजून चिडलेलीच आहे.” त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “मला ते परत ऐकायचंय. माझ्या मुलीने तर आजोबांचा आवाज ऐकलेलाच नाही. पण तिचं निमित्त कशाला सांगू, काका? मीच विसरायला लागलेय. शब्द आठवतात, आवाज येत नाही. घरातल्या मोबाइलमध्ये शोधलं. पप्पा फोटो काढायचे सगळ्यांचे, स्वतः कुठेच बोललेले नाहीत.”

मी त्यांना प्रयत्न करतो म्हणालो. मूळ चित्रीकरण आम्ही वर्षभर सांभाळतो आणि मग डिस्क पुढच्या लगीनसराईला वापरतो, हेही सांगितलं. मात्र त्या लग्नाचं काम ज्या जुन्या संगणकावर झालं होतं, तो माळ्यावर पडून होता. “त्यात काही सापडलं तर कळवतो, ताई,” असं म्हणताना माझ्या आवाजात आश्वासन जरा जास्तच आलं असावं, कारण जाताना वडिलांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो संगणक खाली काढला, धूळ झटकली आणि चालू केला. तो सुरू झाला याचाच इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी चहा मागवला. सॉफ्टवेअर उघडायला फार वेळ लागत होता. डिस्क भरल्याची सूचना पडद्यावर पुन्हा पुन्हा येत होती. एका हातात चहाचा ग्लास होता. दुसऱ्या हाताने मी कॅश उडवली.

यंत्र हलकं झालं. प्रोजेक्ट उघडला. लग्नाची संपूर्ण टाइमलाइन समोर आली, प्रत्येक कट जिथल्या तिथे, आणि प्रत्येक तुकड्याच्या जागी लाल चौकट: मूळ फाइल सापडत नाही. ती सूचना तिथे अनेक भाषांत लिहिलेली असते. मराठी त्यांत नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. चित्रीकरण पुसलेलं असणार हे ठाऊकच होतं. दिवसभर मी त्याच संगणकावर बाईंनी जाताना दिलेली डीव्हीडी उतरवून घेतली, आवाजाच्या थरांतून गाणं बाजूला काढता येतं का ते पाहिलं. हल्ली तशी साधनं निघाली आहेत. ती गाण्याखालचं बोलणं वेगळं काढून देतात. पण खाली काही असेल तर ना. मी तेव्हा मूळ आवाज दाबला नव्हता, पूर्ण बंद केला होता.

जगभरातले संपादक जिथे एकमेकांना अडचणी विचारतात, अशी एक जागा इंटरनेटवर आहे. मी इंग्रजी तिथेच शिकलो म्हटलं तरी चालेल. तिथे मी माझी अडचण लिहिली. सकाळी कुणा परदेशी माणसाचं उत्तर आलेलं होतं, सविस्तर आणि आपुलकीचं. त्याने लिहिलं होतं, निराश होऊ नका. तुमच्या काळातल्या कॅमेऱ्यांच्या फाइली असतील, तर सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याच्या आवाजाची एक पूर्ण प्रत कॅशमध्ये बनवून ठेवत असे. चित्र गेलं तरी आवाज तिथे असण्याची दाट शक्यता आहे. फक्त, तोवर कॅश उडवू नका.

मी ते वाक्य वाचलं आणि खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो. इतकी वर्षं तो आवाज माळ्यावर, धुळीत, कुणीही न मागता शाबूत राहिला होता. मी त्याला शोधायला गेलो नसतो तर तो अजूनही तिथेच असता.

पुसलेल्या फाइली परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर मी लावलं. पण कॅश उडवल्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेवर मी दिवसभर काम केलं होतं. बाईंची डीव्हीडीच तिथे जाऊन बसली होती. हाती आले ते तुकडे, बहुतेक नुसती खरखर. एकात मात्र मांडव ऐकू आला, भांडी ऐकू आली आणि माइकच्या अगदी जवळ एक जाड, किंचित घोगरा, घाईतला आवाज, वधूपित्याचाच असणार असा: “अहो, तो पंखा इकडं वळवा. वऱ्हाडी घामाघूम झालेत आणि तुम्ही तिथं...” इथे तो तुटला. पुढे काही नाही.

सटाण्याला माझा एक जुना व्यवसायबंधू आहे. कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या घरची लग्नं तोच करतो. मी त्याला फोन लावला.

“काय व्हयनं भाऊ? आवाज असा का तुझा?”

मी सगळं सांगितलं.

“तू दुसऱ्यांना शिव्या घालायचा ना, कॅश उडवत नाही म्हणून?”

“हो.”

“जाऊ दे. पंखा आहे ना तुझ्याकडं? तेवढा बास आहे. आता तेवढ्या आवाजावर सगळं भाषण बनवून देतं सॉफ्टवेअर. शब्द तुला पोरीनं सांगितलेच आहेत. टाइप कर, मागं मांडवाचा आवाज टाक. पोरगी खूश, म्हातारा खूश. कळायचंपण नाही कोणाला.”

मी तसं केलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दुपारी मला लाज वाटली नव्हती. जोड दिसू नये यासाठीच मी आयुष्यभर राबलो होतो, आणि हा आणखी एक जोड होता. मी वाक्य लिहिलं, आणि त्यांच्या आवाजात ते आलं. आवाज त्यांचाच होता, यात शंका नाही. मग सॉफ्टवेअरने विचारलं, कोणत्या भावनेने? मी थोडं हसू मिसळलं. ते वाक्य थट्टेचं झालं. हसू कमी करून जडपणा वाढवला, तर ते विनवणीचं झालं. ‘गप्प बसते’ याच्या आधी थांबा घातला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं झालं. पाहता पाहता माझ्यापुढे पाच-सहा बाप तयार झाले, आणि त्यांतला तिचा कोणता, हे मला सांगता येईना.

ते मला सांगता यायला हवं होतं, ही गोष्ट तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आली. कारण मांडवाबाहेर ते वाक्य ऐकलेला मी एकमेव माणूस होतो. लग्नानंतर काही दिवसांनी, याच खोलीत, हेडफोन लावून मी ते ऐकलं असणार, कदाचित दोनदा. मग आवाजाचा थर बंद केला असणार आणि त्या जागी गाणं ओढून आणलं असणार. मला काहीही आठवत नव्हतं.

मी ते सगळे बाप पुसून टाकले.

दोघे आले तेव्हा मी पंख्याचा तुकडा भरलेला पेनड्राइव्ह बाईंच्या हाती दिला आणि तो तुकडा त्यांना ऐकवला. बाईंनी पहिल्या शब्दालाच तोंडावर हात ठेवला. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.

“हेच,” त्या म्हणाल्या, हसत आणि रडत. “घरात असंच बोलायचे. सगळ्यांवर खेकसत. पप्पा, ऐकलं का, किती खेकसताय तुम्ही.”

वडील स्पीकरकडे पाहत होते. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं, तसे.

“पुढचं लावा ना, काका. माइकवरचं.”

“पुढचं नाही, ताई.”

“म्हणजे ते आधीच पुसलेलं होतं?”

‘हो’ म्हणता आलं असतं. त्यांनी स्वतःच मला ती वाट करून दिली होती.

“नव्हतं. तुम्ही आलात त्या दिवशी ते माझ्या माळ्यावर होतं, बहुतेक पूर्ण. मी संगणक चालू केला आणि सवयीने कॅश उडवली. आवाज त्यात होता. मला ते नंतर कळलं.”

“कॅश म्हणजे?” त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, जणू शेवटी काहीतरी वेगळं निघेल.

“म्हणजे आम्ही तुमच्याकडे आलो नसतो तर...” एवढंच त्या बोलल्या.

मी मान हलवली. माफ करा म्हणालो. तो शब्द खोलीत अगदीच छोटा वाटला. त्यांनी तो घेतलाही नाही आणि परतही केला नाही. हातातल्या पेनड्राइव्हकडे पाहत राहिल्या.

तेव्हा वडिलांनी मुलीच्या दंडाला हात लावला आणि माझ्याकडे पाहत बोलू लागले. ओठ सावकाश हलत होते, मध्ये थांबत होते, पुन्हा हलत होते. गळ्यावरचा रुमाल श्वासाने आत-बाहेर होत होता. बराच वेळ ते बोलले. चेहऱ्यावर राग होता की दया, हे मला ओळखता आलं नाही. ओठ आणि शब्द जुळवण्यात माझी हयात गेली, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही.

मी बाईंकडे पाहिलं.

त्यांनी डोळे पुसले आणि पर्स उचलली. “म्हणतात, निघू आता.”

वाक्य फार लहान होतं. पण ते पूर्ण करून मागण्याचा अधिकार मला नव्हता. मी दार उघडून धरलं आणि दोघे सावकाश जिना उतरले, मुलगी एक पायरी पुढे, वळून त्यांच्या तोंडाकडे पाहत.