पंखा गप्प करणारा प्रोग्राम

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करायचं माझं काम माले गावातल्या आमच्या घरातूनच चालायचं. कॉम्प्युटर मी स्वतःच्या कमाईतून घेतला होता. जुना होता, त्याच्या आतला पंखा घरघर करायचा. आमच्यासोबतच राहणाऱ्या, हिंजवडीत नोकरीला असलेल्या माझ्या दिरांना सुट्टीच्या दिवशी मॅच बघताना तो आवाज सहन व्हायचा नाही.

एका रविवारी मी भांडी घासत असताना त्यांनी, मला न विचारता, त्यात कुठलासा प्रोग्राम टाकला.

"वहिनी, आता बघा, चूं करणार नाही."

खरंच आवाज गेला. पण सोमवारी कॉम्प्युटरचा डबा हाताला चटका बसेल इतका तापला. मी त्यांना ऑफिसात फोन केला, तर म्हणाले, "नॉर्मल आहे ते. तुम्ही काम करा."

बुधवारी सकाळी बारशाचा मोठा फ्लेक्स करताना जळका वास आला आणि स्क्रीन काळी पडली.

पौडच्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडला. स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या ग्राफिक कार्डाचं प्लास्टिक वाकलं होतं, खालचा बोर्ड करपला होता. त्याने कार्डावरचा पंखा वेगळा जोडून पाहिला. फिरला. मग माझी डिस्क दुसऱ्या मशिनला लावून तो प्रोग्राम उघडला. त्यात पंख्याचा वेग शून्यावर ठेवलेला.

"ताई, पंखा चांगलाय. त्याला फिरूच दिलं नाय कुणी."

पुढच्या रविवारी दीर जेवायला बसले असताना मी ते सांगितलं. ते हसले. "सॉफ्टवेअरनं कधी हार्डवेअर जळतं का? तुम्हीच पाणी सांडलं असेल."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "त्यो शिकलेला हाय. तुला लई कळतंय व्हय त्याच्यापरीस?"

नवरा ताटात बघत राहिला. त्याचाच मला जास्त राग आला.

मी करपलेलं कार्ड आणून दिरांच्या ताटाशेजारी ठेवलं. "ह्याच्यावर पाणी दाखवा, भाऊजी. कुठंय ते दाखवा."

त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि जेवण अर्धवट टाकून उठले.

महिन्याभराने ते नांदे गावात फ्लॅट घेऊन राहायला गेले. घर मी फोडलं, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात. मी पौडला गाळा भाड्याने घेतला, दुसरा कॉम्प्युटर बसवला. गेल्या महिन्यात दिरांचा निरोप आला, मुलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून द्याल का? मी नाही म्हणून कळवलं.