शनिवारकाकांचा उपास

अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात दर शनिवारी, आपल्या कॉलेजची मॅच संपेपर्यंत, शनिवारकाका पाण्याशिवाय काही घेत नसत. मी अमेरिकेत, फ्रिस्को गावात नवीन होते, मला काय ठाऊक? भर दुपारी त्यांच्या घरी सगळे जेवत होते आणि हे टीव्हीसमोर हात जोडून बसलेले. मारुतीचा उपास असणार, म्हणून पुढच्या शनिवारी मी भक्तिभावाने साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. काकू हसल्या. "ठेव तिथे. यांचा मारुती हेल्मेट घालतो."

काकांच्या युनिव्हर्सिटीचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "हे कुठे आलं?" नागपूरचे नातेवाईक विचारायचे, इथले शेजारीही विचारायचे. त्यातून टीम हरण्यात पटाईत. काका मात्र ती जिंकली तर "पोरं जिंकली" म्हणत आणि हरली की "आपण हरलो". मी एकदा छेडलंच, तर म्हणाले, "शिकायला आलो, त्या पहिल्या शनिवारी मेस बंद. सगळं गाव स्टेडियममध्ये. मीही गेलो, उपाशीच. खेळ काही कळेना. शेवटी शेजारचा माणूस, ज्याला माझं नावही म्हणता येईना, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, 'वी लॉस्ट, मॅन.' मग त्यानेच घरी नेऊन जेवू घातलं. त्याच्या त्या 'वी'त मी होतो गं."

पुढे नवा कोच आला आणि टीम जिंकतच सुटली. मी थक्क होऊन बघत राहिले. ज्या नावाला कुणी विचारत नव्हतं ते ग्रोसरीच्या रांगेत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐकू यायला लागलं. काकांच्या जुन्या डिग्रीला घरबसल्या वजन आलं. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेले त्यांचे वर्गमित्र टीमचे नवेकोरे केशरी शर्ट घालून मॅच बघायला येऊ लागले, आणि काका कौतुकाने त्यांना पुढच्या खुर्च्या देत. नागपूरहून फोन यायचे, "आमच्या पोराला तिथे ॲडमिशन मिळेल का?"

अर्जांचा असा पूर आला की काकांच्या नातीलाच, ईशाला, तिथे नकार आला. लहानपणापासून तिला तिथेच जायचं होतं. पोर ढसाढसा रडली. "आजोबा, युअर टीम डिड धिस," म्हणाली. काका नुसते तिच्याजवळ बसून राहिले. नंतर मला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं उपास केले. नवस फळला, पण तो फेडावा लागला या पोरीला."

आता उपास सुटला, असं मी धरून चालले होते. पुढच्या मोसमात पहिल्याच शनिवारी गेले, तर ताट तसंच झाकलेलं.

"काका, अजूनही?"

"हरत होते तेव्हा सोडलं नाही. आता जिंकतात म्हणून सोडू?"

मला त्या माणसापुढे हात जोडावेसे वाटले. सुट्टीवर आलेली ईशा जिन्यात बसून ऐकत होती.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. ईशा तिच्या दुसऱ्या कॉलेजात रमली आहे. मोसम सुरू झाला त्या शनिवारी दुपारी, काकांच्या टीमची मॅच चालू असताना मला राहवेना, तिला फोन केला.

"जेवलीस का गं?"

"नाही मावशी, मॅच संपू दे," ती म्हणाली. "आपण हरतोय."