पिशव्या सांभाळणाऱ्या नलूताई

मॉरिशस बेटाला बसनं एका दिवसात वळसा घालता येतो. आमच्या सहलीचा नियम असा, की प्रत्येक थांब्यानंतर सगळ्यांनी एक रांग पुढं सरकायचं आणि पहिल्या रांगेनं शेवटी जायचं, म्हणजे पुढची मोठी काच सगळ्यांच्या वाट्याला येते.

माझ्या शेजारी नलूताई. मिस्टर गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या. थांबा आला की म्हणायच्या, "तुम्ही या जाऊन. द्या त्या पिशव्या माझ्याकडं." आणि आम्हीही खुशाल द्यायचो हो! मग मनात आलं, कुणी मागं राहतो म्हणालं की आपण त्याला लगेच राखणीला बसवतो. आपली सोय होते, आणि त्या माणसाला वाटायला लागतं, आपली जागा हीच.

दुपारी सरकत सरकत आम्ही पहिल्या रांगेत आलो. एका वळणावर अख्खा समुद्रच काचेत आला. नलूताई बघतच राहिल्या. बस थांबली, तशी मागून हाक आली, "नलूताई, एवढी पिशवी धरा!"

"तुमची तुम्ही घ्या की! मी पण उतरतेय."

"मावशी, लवकर यायचं हं," गाईड म्हणाला.

"अरे, आधी उतरू तर दे!"

परतल्या त्या सगळ्यांच्या शेवटी. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पाय वाळूनं माखलेले.

"मावशी, पाय झटका ना जरा!"

"राहू दे रे," नलूताई म्हणाल्या. "बरं वाटतंय पायांना."