आप्पांचं ओलं बोट

"जनावर कधी मारायचं हे माणूस ठरवत न्हाई. वारा ठरवतो." एवढं बोलून आप्पा उजव्या हाताचं बोट जिभेला लावत, वर धरत आणि डोळे मिटत. दुकानातली गिऱ्हाइकं गप्प होत. मग डोळे उघडून ते निकाल देत, "आज न्हाई." हे सगळं अहमदपुरातल्या त्यांच्या बियाण्यांच्या दुकानात चाले आणि बोटाच्या वर हातभर अंतरावर पंखा फिरत असे.

त्या दुकानाच्या माडीवर मी भाड्यानं राहत होतो. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठंतरी बसायला लागतं. मी आप्पांकडं बसे. त्यांच्या कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि आतल्या खोलीतल्या कपाटात वडिलांच्या वेळची बाराची, छऱ्यांची बंदूक, पिकांच्या राखणीसाठी घेतलेल्या परवान्याची. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही तोच प्रश्न विचारला असता.

"आप्पा, खायचं नाही तर मारायचं कशाला?"

"खायचं न्हाई म्हणून तर घाई न्हाई, सर."

घाई नसल्यामुळं त्यांच्या हातून फारशी शिकार झाली नव्हती. एक रानडुक्कर खरंच मारलं होतं म्हणे. त्याबद्दल छेडलं की ते हरभऱ्याच्या नव्या वाणाबद्दल बोलायला लागत.

अलीकडं डुकरं फार झाली होती. एका रात्रीत शेत लोळवून जात. शेतकऱ्यांनी अर्ज केले आणि त्या हिवाळ्यात थोड्या दिवसांसाठी डुकरं मारायची परवानगी मिळाली. जळकोट रस्त्यावरच्या शेवंताबाईंचं शेत ओढ्याला लागून, म्हणजे डुकरांच्या दारातच. बाई दुकानात आल्या त्या पायरीवरूनच बोलत.

"आप्पा, अर्धी ज्वारी गेली. परवानगी मिळून आठवडा झाला. तुम्ही अजून बोटच वर करून राहिले."

"वारा ओढ्याकडं जातो हाय बाई. वास लागला की येणार न्हाईत."

"मग वाऱ्यालाच सांगा की राखणीला बसायला."

आप्पा हसले. बाईंनी मात्र हसू दाखवलं नाही. जाताना म्हणाल्या, "येळवशीला या दोघंबी. सरांनी कधी आमच्यातली आंबील प्यायली न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर-नांदेडकडचं सगळं गाव रानात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, खीर करतात, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवतात. बाजारपेठेत त्या दिवशी कुत्रंसुद्धा नसतं. तेही शेतात गेलेलं असतं.

दरम्यान परवानगीची बातमी लांब गेली होती. लातूरहून, नांदेडहून, थेट हैदराबादहून बंदूकवाले पाहुणे यायला लागले. झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून ते चहाच्या हॉटेलसमोर उभे राहत, आणि डांबरी रस्त्यावर त्या कपड्यांत फर्लांगभरावरून ओळखू येत. बंदुकांना दुर्बिणी होत्या. माजी सभापतींनी त्यांच्या स्वागताचा फलक लावला. त्यावर डुक्कर लहान होतं आणि सभापती मोठे. मोहिमेचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होणार होतं. नारळ, शाल, चार शब्द.

फलकावरची तारीख मी आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी बोट जिभेपर्यंत नेलं आणि तसंच खाली घेतलं.

"येळवस हाय त्या दिवशी," ते म्हणाले.

आम्ही सभापतींकडं गेलो. हैदराबादच्या पाहुण्यांनीच तो दिवस मागितला होता, हे तिथं कळलं. त्यांच्याकडं अमावस्येला माणसं कामाला बाहेर पडत नाहीत. तेव्हा शिवार मोकळं मिळेल, असा त्यांचा हिशेब. आणि सभापतींना पाहुण्यांचा हिशेब मोडवेना.

"आप्पा, शिवार लई मोठं हाय," सभापती म्हणाले. "आन् त्यांच्याकडं दुर्बिणी हायत."

"दुर्बिणीतून ज्वारीच्या पलीकडचं दिसतं का?"

"तुम्ही उगं भेवून राहिले. आपली माणसं आन् डुक्कर, फरक कळत न्हाई का त्यांना?"

"ज्वारी हलली तर कोण हलवली ते मला बी कळत न्हाई," आप्पा म्हणाले. "अन् मी हितला हाय."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. वारा नव्हता, तरी आत कुठंतरी ताटं हलत होती. डुक्कर असेल, कुणाची शेळी असेल, गवत कापणारी बाई असेल. आम्ही दोघंही तिकडं बघत चाललो.

आप्पांनी शेवंताबाईंनाही सांगून पाहिलं की या वर्षी कोप घालू नका. त्या म्हणाल्या, "पांडवांना काय सांगू मग? सभापती आल्ते म्हणून?"

येळवशीच्या पहाटे दार वाजलं. आप्पा बंदूक घेऊन उभे. "चला सर. आज."

उजाडता उजाडता आम्ही ओढ्यात उतरलो. तिथं पंखा नव्हता. त्यांनी बोट ओलं केलं, वर धरलं, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवले. वारा आमच्या पाठीवरून पलीकडच्या उजाड माळाकडं जात होता. "आपला वास जाऊ दे त्यांना," ते पुटपुटले, आणि आभाळाकडं नळी करून बार काढला. मग दुसरा. समोरची ज्वारी दुभंगत गेली. काळी पाठ, त्यामागं दुसरी, पिल्लांची रांग, आणि सगळा कळप माळ चढून गेला. आप्पांचा मनसुबा साधा होता: माणसं शेतात यायच्या आत डुकरं शेतातून घालवायची. डुकरं माळावर, तर बंदुकाही माळावर.

झालंही तसंच. बार ऐकून पाहुण्यांना वाटलं, आपल्याला सोडून कुणीतरी सुरुवात केली. नारळ फुटायच्या आत जीपगाड्या माळावर गेल्या. आणि इकडं शेतं माणसांनी भरली.

दिवसभर माळावरून आवाज येत होते. पहिल्या आवाजाला लोक थबकले, नंतर जेवत राहिले. कुणी म्हणालं, लग्नातल्यासारखं वाटून राहिलं. आप्पा कोपीच्या तोंडाशी पाठ देऊन बसले होते, कुणालाही ज्वारीत पलीकडं जाऊ देत नव्हते. पोरं चिडली, म्हातारे चिडले. "आप्पा, शेत आमचं हाय का तुमचं?" शेवंताबाईंच्या दिरानं विचारलं. आप्पांनी पाय आणखी पसरले.

दुपारी पितळी घागरीवर कुणीतरी टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. एवढाच. घागरीच्या कडेतून आंबिलीची बारीक धार लागली होती. शेवंताबाई घागरीच्या मागल्याच बाजूला पंगतीला वाढत होत्या. त्यांनी पळी घागरीत बुडवून ढवळली, आणि पळीत ताकाबरोबर, ज्वारीच्या कण्यांबरोबर, लांबून दमून आलेली गोळी वर आली.

पंगतीतले लोक आधी पळीकडं, मग माळाकडं बघायला लागले.

आप्पा उठले, घागरीजवळ बसले आणि भोकावर बोट दाबून धरलं. तेच बोट. "वाढा," ते म्हणाले. "वाया जाईल." धार बोटाच्या कडेनं गळतच राहिली.

गोळी कुणाची ते कळलं नाही. अंधार पडायच्या आत पाहुणे निघून गेले होते. मात्र उद्घाटनाआधी बार कुणी काढला हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून चौकशी आप्पांची झाली आणि बंदूक जमा झाली. ती गोळी बाराच्या बंदुकीत बसत नाही, हे मी ठाण्यात सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "सर, तुम्ही काय शिकवता?"

गेल्या पावसाळ्यात आप्पा वारले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पंखा तोच आहे. मी कधीकधी त्याच्याखाली उगाच उभा राहतो.

शेवंताबाईंनी घागरीचं भोक बुजवून घेतलं आहे. परवा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "या सर येळवशीला. कोप औंदा ओढ्याच्या अलीकडं घालून राहिलो." मी हो म्हणालो. मग चौकात आलो तर नवा फलक लागला होता. पाहुण्यांचं स्वागत, सभापती मोठे, डुक्कर लहान, आणि दिवस तोच, येळवशीचा. आणखी गाड्या येणार आहेत म्हणे, कारण मागची मोहीम यशस्वी झाली असं फलकावर लिहिलं आहे.

त्या मोहिमेत एक डुक्कर मेलं, हे खरं आहे. ते उद्घाटनाला निघालेल्या सभापतींच्या जीपखाली आलं होतं.